उद्याचा झिरा

दादा, आज नळ आला. म्हणजे आमच्या गल्लीतल्या बारक्या लाइनचा नळ आला, हंडे भरले, बायांची भांडणं झाली, सगळं नेहमीसारखं. पण त्याच्या आधी अंगणाच्या कोपऱ्यातल्या तुझ्या नळानं श्वास टाकला. तोच नळ, ज्याला कधी पाणी आलं न्हाई. तू गेल्यापासून त्याची चावी मी उघडीच ठेवते. आधी फुस्स झालं, मग जरा थांबून एक लांब उसासा, मग गप. माझ्या हातातली कळशी तशीच राहिली आणि तोंडातून निघून गेलं, "आलास का रे?"

सून आतून म्हणाली, "आई, कोणासंग बोलून राहिल्या?" मी म्हणलं, "तुझ्या मामेसासऱ्यासंग." ती बिचारी बाहेरच आली न्हाई.

सुधीर म्हणतो, आत्या, बाबांच्या आठवणींचं छोटं पुस्तक काढू, तू काहीतरी लिही. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी, बदल्या हे दुसरं कोणीबी लिहील. मला ते लिहायचं न्हाई. माझं तुझ्याशी भांडण राहिलंय आणि तू मधेच उठून गेलास. ही तुझी जुनीच खोड. भांडण रंगात आलं की चपला घालायच्या आणि "येतो सुमे, व्हॉल्व्ह बघायचाय" म्हणून निघायचं. या बारीला तर व्हॉल्व्हचं कारणबी सांगितलं न्हाईस.

पुसेगावात आपण लहान होतो तेव्हा उन्हाळ्यात आड आटायचा आणि आई आपल्याला घेऊन ओढ्यावर जायची. वाळू उकरून झिरा करायचा, तळाला पाणी पाझरायची वाट बघायची, मग वाटीवाटीनं घागर भरायची. सगळी लेकरं एक झिरा करायची. तू दोन करायचास. एक आजचा, आणि थोडं वरच्या अंगाला एक उद्याचा. उद्याच्या झिऱ्यावर बाभळीचे काटे रचायचास, म्हणजे गुरांनी तोंड घालू नये. गुरं न्हाईच घालायची, मी घालायची. एकदा आजचा झिरा गढूळ झालेला, माझा घसा कोरडा पडलेला. मी काटे सारले आणि उद्याच्या झिऱ्यातलं गार नितळ पाणी ओंजळीनं पिऊन टाकलं. तू असा चवताळलास की काय सांगू. "उद्या काय पिशील?" म्हणून ओरडलास. मी म्हणलं, "उद्याची तहान उद्या लागंल, मला आत्ता लागलीय." आई हसून हसून वाळूत बसली. म्हणाली, "दोघांचंबी बराबर हाय रं. आता घागरी उचला."

आपलं भांडण तिथं सुरू झालं, आणि बघ ना, आयुष्यभर आपण त्या वाळूतून काही उठलो न्हाई.

मी लग्न होऊन या गावात आले. पुढं तूबी बदली होऊन इथंच आलास, पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर म्हणून. मला आभाळ ठेंगणं झालं. गल्लीभर सांगत फिरले, आता बघा, माझा भाऊ आलाय. आमची गल्ली गावाच्या शेपटाला. तिच्यापुढं मुरमाड टेकाड, टेकाडापलीकडं नुसता माळ. तू गावाचं पुढल्या तीस वर्षांचं पाणी आखायला बसलास. गाव कुठल्या अंगाला वाढंल, तोंडं किती होतील, धरणाचं पाणी कोणत्या रस्त्यानं आणायचं, उंच टाकी कुठं बसवायची. टाकीचं तुझं ठरलेलं होतं, टेकाडावरच. तिथं टाकी झाली की पाणी आपल्या पायानं खाली उतरंल, आमच्या गल्लीतून गावात शिरंल, आणि पलीकडच्या माळावर वस्ती झाली तर तिलाबी पुरंल. टाकीची मंजुरी यायची होती, पण रस्ता खोदलेला होता, म्हणून तू पाइप आधीच टाकून घेतलास. टाकीला शोभंल असा, चांगला जाडजूड. टेकाडाच्या पायथ्याशी नेऊन त्याच्या तोंडावर झाकण बसवलंस आणि म्हणालास, "सुमे, एक दिवस पाणी इथून सुरू होईल. तू शेपटाला न्हाईस, डोक्याला हायेस."

मला ते ऐकून काय वाटलं ते आता सांगत न्हाई. डोळ्यात पाणी आलं होतं, एवढंच. गल्लीत तेवढंच पाणी आलं पुढं कित्येक वर्षं.

कारण पाणी येत होतं ते जुन्याच टाकीतून, गावाच्या पार दुसऱ्या टोकाकडून, आठवड्यातून एकदा, तेबी घटकाभर. एवढ्याशा पाण्यानं तुझा तो अजस्र पाइप भरायचाच न्हाई. मधल्या गल्ल्या पिऊन घ्यायच्या, आणि आमच्यापर्यंत पाणी पोचायच्या आत तिकडं व्हॉल्व्ह बंद. आमच्या नळाला यायची ती पाण्यानं पुढं ढकललेली हवा. बाया हंडे मांडून बसायच्या, नळ फुस्स करायचा, आणि सगळ्या वळून माझ्याकडं बघायच्या. शेजारची राधाबाई, तिच्या जिभेला काही हाड न्हाई. "सुमनबाई, भावाला सांगा, हवा बेस येऊन राहिली. यंदा पंखा घ्यायची जरूर न्हाई." तुला 'हवेवाले साहेब' हे नाव तिनंच ठेवलं. बाजारात, एसटी स्टँडवर, सगळीकडं तेच झालं. तू ऐकायचास आणि नमस्कार करून पुढं जायचास. माझं मात्र रक्त आटल्यासारखं व्हायचं.

मी तुला काय थोडं सांगितलं? "दादा, त्या जाड्याच्या बाजूनं एक बारकी लाइन टाक. बारकी भरंल लवकर. तुझी टाकी होईल तेव्हा होईल." तू मान हलवायचास. "बारकी टाकली की मोठी विसरतील, सुमे. गल्ली गप बसंल. गल्ली गप बसली तर टाकी मागंल कोण? तकलीफ हाय तोवरच लोक मागतेत."

"म्हणजे आमी तुझ्या टाकीसाठी बोंबलायला ठेवलेली माणसं व्हय रे?"

तू चपला घातल्यास. व्हॉल्व्ह बघायचा होता.

ह्याचं उत्तर तू मला कधीच दिलं न्हाईस. तीस वर्षांनी जन्मायच्या लेकरांची तुला काळजी, आणि तुझी सख्खी बहीण डोक्यावर घागर घेऊन दुसऱ्याच्या बोअरवर उभी. दिव्याखाली अंधार म्हणतेत तो हाच. गावातली माणसं म्हणायची, तहान लागल्यावर विहीर खणू नये. खरंय बाबा. पण विहीर खणायची म्हणून तहानलेल्याला उन्हात बसवून ठेवावं असं कुठं म्हणलंय?

त्या भाऊबीजेला म्हणून मी तसं केलं. आल्यागेल्याच्या हातात आधी पाण्याचा तांब्या द्यायचा ही आपली रीत. तू आणि वहिनी आलात, ओसरीवर बसलात, आणि मी तुझ्यापुढं लख्ख घासलेला रिकामा तांब्या ठेवला. घरात पाणी नव्हतं असं न्हाई. राधाबाईच्या दिरानं शेतातून ड्रम आणला होता. पण मी ठरवलं होतं. तू तांब्या उचललास, आत बघितलंस, आणि मग वहिनी, तुझे दाजी, राधाबाई, सगळ्यांसमोर तोंडाला लावलास. घोट घेतल्यासारखा गळा हलवलास. रुमालानं तोंड पुसून म्हणालास, "गार हाय."

मी ओवाळलं. तू पुरणपोळी खाल्लीस, कोरड्या घशानं. मधे उचकी लागली. वहिनी पाणी आणायला उठली तर तू हातानं तिला खाली बसवलंस. उचकी चालूच, आणि तू तसाच घास गिळून राहिलेला. जेवण झाल्यावर ती तुझी लोखंडी सळई घेऊन बाहेर गेलास. तिचं एक टोक रस्त्यावर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं, आणि जमिनीखाली पाइप कुठं गळतो ते ऐकायचं. भर दुपारी सणाच्या दिवशी गल्लीत उकिडवा बसून तू रिकामा पाइप ऐकत होतास. मी दारातून ओरडले, "काय ऐकून राहिला? आत हाय काय?"

"हवा हाय," तू म्हणालास. "हवा पुढं सरकून राहिली म्हणजे पाइप कुठं फुटलेला न्हाई. मागून पाणी आलं की येतंच."

त्या तांब्याचं मला अजूनबी वाईट वाटत न्हाई, तुला सांगून ठेवते. आज तसाच प्रसंग आला तर मी तसाच ठेवीन. फक्त ती उचकी मला अधूनमधून ऐकू येते.

मग तू रिटायर झालास. नवीन साहेब आले आणि त्यांनी पहिल्याच उन्हाळ्यात बारकी लाइन टाकली. पाणी आलं! नारळ फुटले, पेढे वाटले, राधाबाईनं नव्या साहेबांना ओवाळलं. तू लांब लिंबाखाली उभा राहून बघत होतास. मी तुला पेढा आणून दिला. तू खाल्लास आणि म्हणालास, "आता बघ." झालं तसंच. गल्ली गप झाली. टाकीचं नावच कोणी काढंना. जाड्या लाइनचे नळ लोकांनी उपटून भंगारात घातले. माझ्या अंगणातला तेवढा राहिला. काहून ठेवला ते मलाबी ठाऊक न्हाई. लहानपणापासून तुला रागानं 'मेल्या' म्हणत आले मी. त्या दिवशीबी तेच म्हणलं, "मेल्या, तुझं खरं झालं." आता तो शब्द ओठावर येतो आणि तिथंच थांबतो.

आणि माळावर वस्ती झाली. तू बोट ठेवलं होतंस तिथंच. आधी पत्र्याची घरं, मग स्लॅबची. त्यांना टँकर. टँकर चुकला की त्या बाया टेकाड चढून-उतरून घागरी घेऊन आमच्या गल्लीत येतेत, आणि आमच्या बाया त्यांना नळावर उभं राहू देत न्हाईत. राधाबाई तर त्यांना पार कोपऱ्यापर्यंत हाकलत जाते. हवेवर दिवस काढलेली बाई ती! माणूस विसरतं कसं लवकर.

तू रोज सकाळी सळई घेऊन टेकाडावर जायचास. नोकरी संपली तरी. कोणी तिथं खुंट्या रोवल्या तर उपटायचास, कोणी उकिरडा केला तर भांडायचास. त्याच जागेवर आमच्या गल्लीला सभागृह पाहिजे होतं, आणि मागणाऱ्यांत मीच पुढं, बायांचा मेळा घेऊन. खोटं कशाला बोलू? आमच्या पोरींची लग्नं रस्त्यावर मांडव टाकून लागतेत, पाहुणे उन्हात, गटाराच्या कडेला पंगती. मी तुला म्हणायची, "जागा नुसती खाली पडलीय, होऊ दे की सभागृह."

"खाली न्हाई ती. टाकीची जागा हाय."

"टाकी कुठं हाय पण?"

"यायचीय."

ह्या 'यायचीय'नं माझं डोकं उठायचं. तुला काय, तुला न दिसणारी टाकी दिसत होती. मला दिसत होता बोडका मुरूम.

हिंगोलीच्या दवाखान्यात तुला बघायला आले तेव्हा तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. वहिनी पायाशी बसलेली. खोलीत दुसरा आवाजच न्हाई, नुसता त्या नळीचा. फुस्स, मग जरा थांबून लांब उसासा. मी तो आवाज इतकी वर्षं अंगणात ऐकलेला. मला वाटलं उठून पळून जावं. पण मी मनाशी ठरवून आले होते की आज विचारायचंच, दादा, चुकलं का रे तुझं? व्हय म्हणाला असतास तरी मी कोणाला सांगितलं नसतं. न्हाई म्हणाला असतास तर भांडले असते. विचारायच्या आधीच तू डोळे उघडलेस, मला ओळखलंस, आणि हातानं मास्क बाजूला केलास.

"सुमे," म्हणालास, "त्या लाइनचं..."

तेवढ्यात नर्स आली. "बाबा, मास्क काढायचा न्हाई सांगितलं ना!" तिनं मास्क बसवला, तुझा हात चादरीत घातला. तू माझ्याकडं बघत राहिलास. मग पुन्हा बोलला न्हाईस, आणि दुसऱ्या दिवशी तर काही राहिलंच न्हाई.

त्या लाइनचं काय, दादा? त्या लाइनचं चुकलंच माझं? का त्या लाइनचं तेवढं बघ? दोन्ही तुझ्या आवाजात मला ऐकू येतंय. भाजी निवडताना येतंय, देवापुढं बसले तर येतंय. नळानं उसासा टाकला की मला वाटतं, आता पुढचं बोलशील. वाक्य अर्धं टाकून जायची ही कोणती रीत?

तुझा दहावा नरसीला कयाधूच्या काठी केला. चैत्रातली नदी, पात्रात नुसती वाळू आणि दगड. अंघोळीला पाणी न्हाई म्हणून टँकर मागवावा लागला. तुझ्या दहाव्याला टँकर! तू असतास तर तोंड लपवून हसला असतास. सुधीरनं पिंड ठेवला, आणि सगळे लांब जाऊन उभे राहिले. कावळे बाभळीवर बसलेले, पण एकबी खाली येईना. सुधीर हात जोडून म्हणाला, "बाबा, आईला अंतर देणार न्हाई." कावळे गप. वहिनी काहीतरी पुटपुटली. गप. मग आमच्या गल्लीचे मारोतराव पुढं झाले, तेच, ज्यांनी तुझ्या दारावर हंडामोर्चा आणला होता. मोठ्यानं म्हणाले, "साहेब, टेकाडावर तुमच्या नावाचं सभागृह बांधतो, हा शब्द देतो!"

तेव्हा एक कावळा उतरला. तो तुरुतुरु चालत पिंडाला वळसा घालून गेला आणि टँकरच्या गळक्या तोटीखाली जाऊन पाणी पिऊ लागला.

कोणाला हसावं का रडावं कळंना. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. बहिणीनं काहीतरी बोलावं. तुला काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं रे. पण मी बोलले न्हाई. तूच म्हणायचास, जे पाणी टाकीत न्हाई त्याचा वायदा लोकांना करू नये. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि त्याच्याकडून शिववून घेतलं. परत येताना गाडीत वहिनी एवढंच म्हणाली, "अडकले हो कशाततरी."

तेरावं झालं आणि मारुतीच्या पारावर शोकसभा ठेवली. हयातीत तुला नावं ठेवणारे झाडून सगळे हजर. काय एकेकाची भाषणं! दूरदृष्टी काय, त्याग काय. मी ऐकून थक्क झाले. मारोतराव म्हणाले, "साहेबांनी ती जागा जिवापाड जपली. काहून जपली? गावासाठी. म्हणून त्याच जागेवर त्यांच्या नावाचं सभागृह उभं करायचं. दरवाजावर मोठ्या अक्षरात नाव लागंल. घरच्यांनी फक्त व्हय म्हणावं." टाळ्या पडल्या. वहिनीनं पदर डोळ्याला लावला, पण तिचा चेहरा असा उजळला होता की मला बघवंना. सुधीरनं आईकडं बघितलं, आईनं माझ्याकडं.

तुला सांगते, सोपं नव्हतं. सभागृह मीच मागत आले होते. नाव वहिनीला पाहिजे होतं. दोन्ही एका ताटात वाढून पुढं आलेलं. आणि तुझं वाक्य अर्धं. पाया खोदला तर सगळा मुरूम खाली तुझ्या पाइपाच्या झाकणावरच पडणार, आणि मग ती लाइन कायमची मुकी. तू 'चुकलं' म्हणणार होतास तर मग हरकत कसली? पण 'बघ' म्हणणार होतास तर?

मी उठले. म्हणलं, "नाव देऊ नका. आणि जागेवर काही बांधूबी नका. टाकी मागा."

मग राधाबाईच उठली, दुसरं कोण? "अवं सुमनबाई, भाऊ होता तोवर सभागृह मागत होत्या, आता तो गेला तर टाकी मागून राहिल्या? डोकं बिकं फिरलं का?"

"फिरलं," मी म्हणलं. "हे भांडण त्याचं आणि माझं होतं. तो असता ना, तर मी आजबी सभागृहच मागितलं असतं. तो त्याचं बोलायला खंबीर होता. आता त्याच्या बाजूनं बोलायला कोणीच न्हाई. तुमी सगळ्यांनी मिळून त्याला हार घातला आणि त्याच्याच जागेवर त्याला गाडायला निघाले. म्हणून मी बोलून राहिले."

माझा आवाज फुटला आणि मी रडले. सगळ्यांसमोर रडले. तू गेलास तेव्हाबी एवढी रडले नव्हते. मागं लिंबापाशी माळावरची एक बाई घागर घेऊन उभी होती, टँकरची वाट बघत. ती तिथूनच म्हणाली, "टाकी झाली तर आमच्याकडं येईल का वो पाणी?" मारोतराव तिच्याकडं न बघताच म्हणाले, घरच्यांचं एकमत होऊ द्या, मग बघू. सभा तशीच उठली.

वहिनीनं त्यानंतर बोलणं टाकलं. मी गेले तर पाठ करून बसली. शेवटी फुटली. "हयातभर मला हवेवाल्या साहेबाची बायको म्हणलं लोकांनी, वन्सं. भाजी घ्यायला गेले तरी तेच. आता एक बार त्यांचं धड नाव कुठंतरी वाचायचं होतं. माणूस गेलं ते गेलं, नावबी ठेवू दिलं न्हाई तुमी." मी तिच्या घरी पाणी प्याले आणि आले. तिनं रीतीप्रमाणं तांब्या भरून दिला होता, एवढ्या रागातबी.

मागच्या बारीला नळ आला त्या दिवशी मी विळा घेऊन टेकाडाच्या पायथ्याला गेले. बाभळीच्या फांद्या तोडल्या आणि तुझ्या झाकणाभोवती काटे रचायला लागले. काट्यांनी काय होणार, मला ठाऊक हाय. ज्याला बांधायचं तो दोन लाथांत उडवील. पण हात शिवशिवत होते. येणारेजाणारे बघून हसत होते. मान वर केली तर समोर वहिनी. हातात तुझी सळई.

ती सळईनं काटे आत रेटायला लागली. दोघी घामाघूम झालो. मग तिनं सळईचं टोक झाकणावर टेकवलं आणि दुसरं माझ्याकडं केलं. "तुमी ऐका. मला कधी कळलं न्हाई ते काय ऐकायचे." मी कान लावला. आधी काहीच न्हाई. मग लांबून, पार गावाच्या पोटातून येत असावा तसा तो उसासा आला, तुझा, त्या खोलीतला. मी सळई सोडली न्हाई.

"काय हाय?" वहिनीनं विचारलं.

"हवा हाय."

वहिनीनं कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाली, "मग फुटलेला न्हाई." तिला सगळं पाठ होतं की रे. आणि घरी निघताना म्हणाली, "नावाचं राहू द्या मग."

तर असं झालंय, दादा. आता मी तुझ्या बाजूची झाले, आणि मला भेव वाटून राहिलं. तू होतास तोवर चुकायचं तुझ्याकडं होतं आणि मी निवांत भांडत होते. आता टाकी झाली न्हाई, तर गल्लीचं सभागृह मी घालवलं, वहिनीच्या हातातलं नाव मी घालवलं, आणि माळावरच्या बाया होत्या तिथंच. राधाबाई आत्ताच मला 'हवेवाल्या बाई' म्हणायला लागलीय. मी नमस्कार करून पुढं जाते. तू कसा जायचास ते आता कळतंय.

ते अर्धं वाक्य मी माझ्या मनानं पुरं केलं, तुला न विचारता. दुसरा इलाज नव्हता. पण एकच सांग रे. खरं सांग, मी कोणाला सांगणार न्हाई. गाव, तोंडं, उतार, सगळं नीट मोजलं होतंस ना? बराबर मोजलं होतंस ना, दादा?

तुझ्या नळाखाली तो तांब्या ठेवलाय, भाऊबीजेचा. हवा येऊन राहिली. मी बसलेय.